कथाकथन शिकवायचे तर आधी ऐकणारे तयार करा

महोदय,

विद्यापीठांच्या कला विभागांनी माध्यमिक शाळांत जाऊन कथाकथन शिकवावे, हे आम्हाला मनापासून हवे आहे. म्हणूनच हा उपक्रम जिथे फसतो, त्याविषयी लिहीत आहोत. सभागृहात शंभरेक मुले, तासभर व्याख्यान आणि शेवटी स्पर्धा, हा साचा सोडायला हवा. त्यात मुळात धीट असलेली चार-पाच मुले बोलतात आणि बाकीची टाळ्या वाजवतात.

एका गटात १२ ते १५ मुले, दोन प्रशिक्षक आणि आठवड्याला ९० मिनिटांचे एक, अशी किमान सहा सत्रे हवीत. गोष्ट पहिल्याच खेपेला जमत नाही. ती तीन-चारदा सांगावी लागते, आणि तेवढ्या वेळा मन लावून ऐकणारे कोणीतरी समोर असावे लागते.

सुरुवात लेखनापासून करू नये. वही उघडली की मुले निबंध लिहू लागतात: आधी प्रस्तावना, शेवटी तात्पर्य. त्याऐवजी जोड्या लावाव्यात. एकाने दोन मिनिटे गोष्ट सांगायची, दुसऱ्याने काहीही न टिपता ऐकायची आणि लगेच तीच गोष्ट एका मिनिटात परत सांगायची. त्याने जे गाळले ते एक तर अनावश्यक असते किंवा त्याच्यापर्यंत पोचलेलेच नसते. सांगणाऱ्याला हे तिथल्या तिथे उमगते, शिक्षकांना लाल शाई वापरावी लागत नाही. मग जोडी बदलून तीच गोष्ट पुन्हा. दुसऱ्या खेपेला बहुतेक मुले घरच्यांची ओळख आणि हवापाण्याचे वर्णन आपणहून टाकून देतात आणि जिथे काहीतरी बदलले तिथूनच सुरुवात करतात.

‘छान होती’ हा अभिप्राय चालवून घेऊ नये. ऐकणाऱ्याला तीनच प्रश्न विचारावेत: डोळ्यांसमोर काय आले, लक्ष कुठे सुटले, आणखी काय ऐकायला आवडेल? ‘मला खूप भीती वाटली’ या वाक्याने कोणाच्याच डोळ्यांसमोर काही येत नाही. कडीवरचा हात दिसला की भीती दिसते.

फळ्यावर कथेचा त्रिकोण (घटनांचा चढ, कळस आणि उतार दाखवणारी आकृती) काढून पहिला तास घेण्याची पद्धत आम्हाला घातक वाटते. जर्मन लेखक गुस्ताव फ्रायटागने १८६३ मध्ये ही आकृती नाटकांच्या, मुख्यतः शोकांतिकांच्या, रचनेचा उलगडा करण्यासाठी मांडली. नवशिक्या मुलांसमोर ती आधी ठेवली की मुले रिकाम्या जागा भरत बसतात. गोष्ट दोनदा सांगून झाली आणि तरी ती कुठे अडते हे कळत नसेल, तेव्हा ती जरूर काढावी.

पाठांतराचेही तसेच. सगळी गोष्ट पाठ केलेले मूल एक शब्द विसरले की तिथेच थांबते. पहिले आणि शेवटचे वाक्य पक्के करावे, मधली पाच-सहा दृश्ये क्रमाने लक्षात ठेवावीत आणि शब्द त्या त्या वेळी सुचू द्यावेत.

सर्वांत जपून हाताळायची गोष्ट म्हणजे मुलांचे खासगी दुःख. ‘मनातले सांगा’ असा आग्रह धरला की एखादे मूल नको तेवढे बोलून जाते आणि दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात त्याला बसायचे असते. म्हणून पहिल्या सत्रातच सांगावे की कल्पित किंवा ऐकलेली गोष्टही तितकीच चालेल आणि कोणीही केव्हाही थांबू शकतो. चित्रीकरण करायचे असेल तर मूल आणि पालक दोघांचीही लेखी संमती आधी घ्यावी. कोणी छळाबद्दल बोलले तर पुढे कोणाला कळवायचे, हे शाळेशी सत्रांपूर्वीच ठरलेले असावे. शिकवायला जाणाऱ्या विद्यापीठीय विद्यार्थ्यांना याची तयारी न देता वर्गात पाठवणे गैर आहे.

वर्गशिक्षकांनी सत्रांना बसावे, पण स्वतःही गोष्ट सांगावी आणि गुण देऊ नयेत. गुण आले की मुले बिनधोक गोष्टी निवडतात. समारोपालाही बक्षिसे नकोत. चार-चार मुलांचे गट करून प्रत्येकाला पाच मिनिटे द्यावीत, म्हणजे एरवी गप्प बसणाऱ्यांचीही पाळी येते. विद्यापीठाचे पथक गेल्यावर शाळेने पंधरवड्याला एक तास यासाठी राखून ठेवावा आणि तो वेळापत्रकात छापावा.

– कथाकथन कार्यशाळांचे काही प्रशिक्षक