नेपथ्य लावणाऱ्यांनाही बोलवा

कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाच्या पुनर्उभारणीत स्थानिक रंगकर्मींना स्वयंसेवक म्हणून सहभागी करून घ्यावे, ही आपल्या अंकातील सूचना मनापासून पटली. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेली, १९१५ मध्ये खुली झालेली ही वास्तू ८ ऑगस्ट २०२४ रोजी आगीत जळाली, तीही गायक-नट केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री! बांधकाम अभियंत्यांनीच करावे. पण रंगमंचाच्या बाजूच्या विंगेतून फ्लॅट (नेपथ्याची उभी चौकट) वळवायला किती जागा लागते, पडदा कुठे अडतो, शेवटच्या रांगेत कुठले शब्द विरतात, हे नकाशात नसते. वर्षानुवर्षे नेपथ्य लावणाऱ्यांना ते पाठ असते. या नाट्यगृहाचे घरोघरी असलेले जुने फोटो गोळा करण्याचे कामही ही मंडळी आनंदाने, विनामोबदला करतील. रंगमंचाची आतील रचना पक्की करण्याआधी त्यांची बैठक घ्यावी.

– एक नाट्यरसिक, कोल्हापूर