पहिली किक मारण्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

माझ्या मोटरसायकलचं नव्याने बांधलेलं इंजिन सुरू झालं! फोनवर ओरडून सांगितलंच होतं, पण निम्मं बोलणं सायलेन्सरच्या आवाजात गेलं. तुझंही इंजिन बांधून होत आलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

खरं काम किकच्या आधीचं. नव्याने बांधलेल्या इंजिनात ऑइलच्या वाटा कोरड्या असतात. खाली ऑइल भरलं म्हणजे ते वर रॉकरपर्यंत, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांपर्यंत, पोचलं असं नाही. जुळवताना लावलेलं ऑइल थोडा वेळ सांभाळून घेतं, तेवढंच. म्हणून पेट्रोलचा कॉक बंद ठेवला, स्पार्क प्लग काढून त्याच्या भोकापासून लांब, इंजिनाच्या धातूला टेकवून (अर्थ करून) ठेवला आणि किकने इंजिन नुसतं फिरवत राहिलो. प्लग नसला की कॉम्प्रेशन नाही, पाय हलका पडतो. टॅपेट कव्हर उघडं, हातात उजेडासाठी बॅटरी. बराच वेळ आत काहीच हालचाल नाही. पंपच उलटा बसवला की काय, अशी शंकाही येऊन गेली. मग रॉकरच्या कडेला एक थेंब फुगला, ओघळला, पाठोपाठ दुसरा. इंजिन सुरू झाल्यापेक्षा मला त्या थेंबाचा आनंद जास्त झाला, हसायचं तर हस.

पहिल्या किकला घेईल अशी आशा ठेवू नकोस. माझं आधी कार्बोरेटरमधून फटकन शिंकलं, मग पकडलं. आणि धूर म्हणजे काय धूर! सिलिंडरला चोळलेलं ऑइल, सायलेन्सरवरचे तेलकट हातांचे डाग, सगळं एकदम जळतं. ते ओसरतं. इंजिन चांगलं तापून, पुरेसं चालूनही निळा धूर थांबला नाही, तर मात्र पिस्टनच्या रिंगा आणि व्हॉल्व्ह सील बघावे लागतील.

आता तू काय करशील ते मला पक्कं ठाऊक आहे. स्टूल ओढून गाडी आयडलवर ठेवशील आणि ठोके ऐकत बसशील. बसू नकोस, लेका! होनिंगच्या, म्हणजे सिलिंडर आतून घासताना मुद्दाम पाडलेल्या, तिरक्या रेघांवर रिंगा घासून बसायच्या, तर जळत्या वायूच्या दाबाने त्या बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, रेटल्या जायला हव्यात, आणि तो दाब इंजिनावर लोड आला की मिळतो. आयडलवर नुसत्या घासत राहिल्या तर बोअर गुळगुळीत होतो आणि इंजिन पुढे ऑइल पीत राहतं. शिवाय आपली गाडी एअर कूल्ड, वाऱ्यानेच गार होणारी, उभ्या जागी वारा कुठला लागणार? मी गळती तेवढी बघितली आणि सरळ रस्त्याला लागलो. अर्ध्या थ्रॉटलपर्यंत खेचायची, सोडायची, पुन्हा खेचायची. एकाच स्पीडला धरून ठेवायची नाही, चढावर वरच्या गिअरमध्ये रेटायची नाही.

परत आल्यावर पूर्ण गार होऊ दिलं, मग टॅपेटची फट तपासली. हेडचे नट ठरलेल्या ताकदीने पुन्हा आवळायचे (टॉर्क करायचे) का, ते तुझ्या मॅन्युअलमध्ये बघ. साधं मिनरल ऑइलच भर आणि ते लवकर काढून टाक. मी १०० किलोमीटरच्या आतच काढलं. बोटांत चोळल्यावर चंदेरी झाक दिसली, ती चालते. नखाला अडकणारा कण सापडला तर गाडी हलवू नकोस, आधी मला फोन कर.

ऑइल भरायच्या आदल्या दिवशी कळव. किक तूच मार, बॅटरी धरायला मी येतो.

तुझाच,
मित्र