झाड उतरवणाऱ्या मामांना जाहीर आभार

मामा, नमस्कार.

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून नुसतं मामा. जुळे सोलापुरातल्या आमच्या इमारतीला खेटून उभा असलेला पोखरलेला गुलमोहर तुम्ही उतरवलात आणि साधी कुंडीसुद्धा फुटली नाही.

तुमच्या आधी आलेल्या ठेकेदाराचं काय सांगू! बुंध्याला शिडी टेकवली, दोर एका पोराच्या मनगटाला गुंडाळला आणि करवत चालू. फांदी झुलत आली ती थेट पहिल्या मजल्याच्या छज्ज्यावर. पोरगं दोरासोबत फरफटलं. हाताचं सालटं निघण्यावर भागलं, हे नशीब. ठेकेदार "उद्या येतो" म्हणून गेला तो गेलाच, ॲडव्हान्ससकट.

तुम्ही आधी कुऱ्हाडीच्या पाठीनं बुंधा ठोकत फिरलात. आवाज पोकळ आला तसं म्हणालात, "हे एकदम आडवं पाडायचं नाही. आत घट्ट लाकूडच नाही, कुठंबी वळंल." एका बाजूला खाच घेऊन मागून कापत आलं, की मध्ये न कापलेली पट्टी सोडतात. बिजागरीसारखी तीच झाडाला दिशा देते, आणि पोकळ बुंध्यात तिचा भरवसा नसतो. हे मला त्या दिवशी कळलं. वायरमननं लाईट बंद करेपर्यंत तुम्ही करवतीला हात लावला नाहीत. झाडावर न चढता, माणसाला पाळण्यात उभं करून वर उचलणाऱ्या गाडीतून शेंड्याकडून तुकडे काढलेत. दोर कुणाच्या हातात नव्हता, शेजारच्या कडुनिंबाच्या बुंध्याला वेढे दिले होते.

पण आभार मानायचेत ते वेगळ्याच गोष्टीसाठी. माझी आई तळमजल्यावर असते, तिला अजिबात ऐकू येत नाही. "म्हातारीला हाक ऐकू जायची नाही, दार उघडून बाहेर आल्या तर?" असं म्हणून तुम्ही तुमचा एक माणूस दिवसभर तिच्या दाराशी बसवलात. एका माणसाची मजुरी गेली तुमची. आम्हा घरच्यांच्याही हे डोक्यात आलं नव्हतं. ती त्याला पत्ते शिकवत बसली होती, ते निराळं.

सोलापुरात अशी माणसं आहेत, फक्त त्यांचे फ्लेक्स लागत नाहीत.

मागच्या अंगाची सुबाभूळ पावसाळ्याआधी उतरवायची आहे, मामा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी पुन्हा स्वस्तातलं कोटेशन काढलं, तर मी भांडणार आहे. तुम्ही तारीख तेवढी कळवा.