तिकीट माफ झाले, पायरी तेवढीच राहिली

प्रति,
मा. परिवहन मंत्री, कर्नाटक सरकार, बेंगळुरू
प्रत माहितीसाठी: व्यवस्थापकीय संचालक, वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळ, हुबळी

विषय: बेळगाव सीमाभागातील ज्येष्ठांना बसमध्ये चढता-उतरता येण्याबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

११ जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळे राज्यातल्या महिलांचा साध्या बसचा प्रवास मोफत झाला. साठी ओलांडलेल्या पुरुषांना तिकिटात २५ टक्के सवलत त्याआधीपासून आहे. म्हणजे पैशाची अडचण बऱ्यापैकी सुटली. तरीही खानापूर, निपाणी, चिकोडी भागात गुडघे दुखणारी, काठी टेकणारी माणसे दवाखान्याची तारीख चुकवून घरी बसतात, कारण गाडीत चढणे आणि तिच्यातून उतरणे त्यांना झेपत नाही. हे पत्र त्या चढण्या-उतरण्याबद्दल आहे. नव्या योजनेची मागणी यात नाही. बहुतेक कामे आगाराच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग मशीन आणि पिवळ्या रंगाच्या डब्यावर होण्यासारखी आहेत.

आधी मापे. घरातल्या जिन्याची पायरी १५ ते १७ सेंटिमीटरची असते. ग्रामीण मार्गावरच्या साध्या बसची पहिली पायरी जमिनीपासून ४० सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे दोन पायऱ्यांहून जास्त उंची एका पावलात चढायची. तीही गाडी सपाट जागी उभी असेल तर. चालकाने गाडी डांबरावर ठेवली आणि प्रवासी खाली साइडपट्टीत उभा राहिला, की त्यात आणखी १० ते १५ सेंटिमीटरची भर पडते. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडे साइडपट्टी वाहून जाते, तेव्हा तर धडधाकट माणूससुद्धा दांडीला लोंबकळूनच वर जातो. ट्रकच्या चासीवर बांधलेल्या या गाड्यांची आतली जमीन रस्त्यापासून सुमारे एक मीटर उंच असते, त्यामुळे पहिली पायरी पार केली तरी चढण संपत नाही.

मग दांडी. हात टेकायला दांडी आहे, पण पुष्कळ गाड्यांत ती दाराच्या आत, दुसऱ्या पायरीच्या वर सुरू होते. खाली उभ्या असलेल्या, कंबरेत वाकलेल्या बाईचा हात तिथवर पोचत नाही. मग ती दाराची कड धरते, नाहीतर पुढच्या माणसाचा शर्ट. दांडी दाराच्या दोन्ही बाजूंना हवी, जमिनीवरून धरता येईल इतकी खाली आलेली हवी आणि मुठीत नीट मावेल अशी साडेतीन ते चार सेंटिमीटर जाडीची हवी. त्याहून जाड पाइप संधिवाताच्या बोटांना आवळता येत नाही, आणि गुळगुळीत ऑइलपेंट मारलेला पाइप पावसात हातातून सुटतो. त्यावर खरखरीत पट्टी गुंडाळली तरी पुरे. पायऱ्यांवरचा ॲल्युमिनियमचा नक्षीदार पत्रा झिजून आरसा झाला असेल तर तो बदलायचा, प्रत्येक पायरीच्या कडेला पाच सेंटिमीटरचा पिवळा पट्टा मारायचा आणि दारापाशी दिवा लावायचा. मोतीबिंदू असलेल्याला करड्या पत्र्यावर करडी कड दिसतच नाही. त्याला पायऱ्यांच्या जागी एक उतरण दिसते.

पायरीखाली आणखी एक घडीची पायरी बसवा, अशी सूचना नेहमी येते. ती सरसकट बसवू नये असे आमचे मत आहे. आत ढकलायला विसरली की पहिल्याच गतिरोधकावर ती वाकते आणि वाकलेली पायरी घडीसुद्धा होत नाही. त्यापेक्षा बसस्थानकातल्या नियंत्रकाच्या खोलीबाहेर २० सेंटिमीटर उंचीचे, चारही पायांना रबर असलेले लोखंडी स्टूल ठेवावे. वरची फळी किमान ४० बाय ३० सेंटिमीटरची हवी. त्याहून लहान असली तर काठी आणि दोन पावले एकत्र मावत नाहीत. स्टूल साखळीने बांधून मात्र ठेवू नका. सरकारी कचेरीतल्या पेनाप्रमाणे ते मग फक्त पाहायला उरते.

स्थानकाच्या बांधणीतही एक मूळ दोष आहे. आपल्याकडे गाडी फलाटाला नाक लावून उभी राहते आणि दार असते बाजूला. त्यामुळे फलाट कितीही चांगला बांधला तरी प्रवाशाला त्यावरून खाली उतरून, दोन गाड्यांच्या मधल्या बोळातून दारापर्यंत जावे लागते. त्या बोळात ऑइल सांडलेले असते, मागून गाडी रिव्हर्स येत असते आणि चढण पुन्हा जमिनीपासूनच सुरू होते. बेळगावचे मध्यवर्ती बसस्थानक, खानापूर, निपाणी, चिकोडी या ठिकाणी निदान एक फलाट असा करावा, की गाडी त्याला आडवी, समांतर लागेल. फलाटाची उंची २० सेंटिमीटर आणि गाडी व फलाट यांतले अंतर वितीपेक्षा कमी. एवढ्याने ४० ची पायरी २० वर येते. ज्येष्ठ आणि दिव्यांग प्रवासी ज्या गाड्यांना जास्त असतात, त्या गाड्या सकाळच्या वेळी या फलाटावर लावाव्यात.

चढण्यापेक्षा उतरणे अवघड असते, हे वरिष्ठ कार्यालयांत फारसे कोणी लक्षात घेत नाही. उतरताना अंगाचा सगळा भार एका वाकलेल्या गुडघ्यावर येतो. चढताना बरा पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा पाय आधी खाली सोडावा. आणि पायरी फार उंच असेल तर गाडीकडे तोंड करून, दोन्ही हातांनी दांडी धरून उलटे उतरावे. हे चित्र काढून दाराच्या आतल्या बाजूला लावता येईल. पण उलटे उतरायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात वाहकाची शिट्टी वाजते. पाय जमिनीला लागण्याआधी किंवा बूड सीटला टेकण्याआधी गाडी हलली की माणूस पडतो. यात चालक-वाहकांना दोष देऊन भागणार नाही. त्यांच्यावर फेरीच्या वेळेचे आणि डिझेलच्या सरासरीचे ओझे असते. एका ज्येष्ठासाठी २० सेकंद जास्त थांबायचे आणि फेरीत असे दहा थांबे आले तर एकूण साडेतीन मिनिटेही लागत नाहीत. ही मिनिटे वेळापत्रकातच धरा आणि मग वाहकाला सांगा, की काठीवाला प्रवासी बसल्याशिवाय शिट्टी नाही.

फलकांच्या भाषेचा वाद या भागात जुना आहे, तो आम्ही या पत्रात आणत नाही. मागणी एवढीच, की ग्रामीण गाड्यांनाही मार्ग क्रमांक द्या आणि तो काचेवर डाव्या बाजूला, इंग्रजी अंकांत, वीतभर उंचीचा, पिवळ्यावर काळा लिहा. सध्या काचेच्या आत टेकवलेली पाटी उन्हाच्या तिरपीत दिसत नाही. गाडी जवळ येईपर्यंत ती कुठली हे कळत नाही आणि कळते तेव्हा धावावे लागते. अक्षर न वाचणाऱ्यालाही आकडा ओळखता येतो. स्थानकातल्या ध्वनिक्षेपकावर मराठीतूनही घोषणा झाली तर दुधात साखर.

आता दवाखान्याच्या वेळा. ग्रामीण भागातून सिव्हिलला म्हणजे बेळगावच्या बिम्स या सरकारी रुग्णालयात येणाऱ्याला केसपेपर काढायचा, डॉक्टरला दाखवायचे, रक्त द्यायचे आणि औषधाच्या खिडकीवर उभे राहायचे, हे सगळे दुपारच्या आत उरकावे लागते. गाडी साडेदहाला मध्यवर्ती स्थानकात पोचली आणि तिथून रिक्षा शोधली, की निम्मे कामच होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हेलपाटा. सकाळच्या पहिल्या दोन-तीन ग्रामीण गाड्या मध्यवर्ती स्थानकावर न संपवता सिव्हिलच्या फाटकापर्यंत न्याव्यात आणि दुपारी तिथूनच सोडाव्यात. डायलिसिसवाल्यांचा विचार तर वेगळाच करावा लागेल. आठवड्यातून बहुधा तीन वेळा, दर वेळी साधारण चार तास, आणि बाहेर पडताना रक्तदाब उतरलेला. अशा माणसाला उभ्याने प्रवास करायला लावणे धोक्याचे आहे. वाहकाला दाखवायचे एक साधे कार्ड दवाखान्याने द्यावे आणि ते दाखवले की राखीव सीट मिळावी. ‘आजोबा, पुढे सरका’ म्हणणाऱ्या वाहकालाही मग कोणाशी हुज्जत घालावी लागणार नाही.

१०८ ची रुग्णवाहिका तातडीच्या वेळी येते. ठरलेल्या तपासणीला नेणे किंवा परत घरी सोडणे हे तिचे काम नाही, ते तिच्यावर टाकूही नये. फाट्यापासून गाव दोन-तीन किलोमीटर आत असेल तर उरते ते वडाप, म्हणजे प्रवासी भरून नेणारी खासगी जीप, नाहीतर कोणाची तरी दुचाकी. वडापमध्ये मागच्या दाराने वाकून शिरावे लागते. चाकाची खुर्ची घडी करून न्यावी म्हटले, तर गॅसवर चालणाऱ्या मोटारीच्या डिकीत सिलिंडर. दरम्यान, शाळांच्या बसगाड्या सकाळी मुले सोडल्यावर दुपारपर्यंत आवारात उभ्या असतात. त्या वापरता येत नाहीत, कारण मोटार वाहन कायद्यातल्या व्याख्येनुसार शैक्षणिक संस्थेची बस केवळ विद्यार्थी आणि कर्मचारी यांच्यासाठी असते; इतरांना बसवले तर परवान्याचा भंग होतो आणि अपघातात विमा कंपनी हात वर करते. आठवड्यातल्या ठरावीक दिवशी, ग्रामपंचायतीने आदल्या दिवशी नावे घेऊन अशी गाडी न्यावी, यासाठी विशेष परवाना आणि विम्याची जोड कशी द्यायची हे तुमच्या खात्यानेच ठरवायचे आहे.

सीमेचा प्रश्न मात्र फक्त इथलाच. निपाणीची माणसे कोल्हापूरला, कागवाड-उगारची मिरजेला उपचाराला जातात. उलट चंदगड तालुक्यातून शिनोळी-बाची मार्गे बेळगावला येतात. महाराष्ट्राच्या एसटीत ६५ ते ७५ वयाला निम्मे तिकीट आणि ऑगस्ट २०२२ पासून ७५ च्या पुढे मोफत प्रवास आहे, पण तो राज्याच्या हद्दीपुरता. इकडे शक्तीला कर्नाटकचा पत्ता लागतो. परिणामी एकाच रस्त्यावर, एकाच वयाच्या दोन शेजाऱ्यांना सीमेच्या दोन अंगांना वेगवेगळे दर लागतात. दोन राज्यांत आंतरराज्य वाहतुकीचे परस्पर करार होतच असतात. पुढच्या करारात सीमेलगतच्या तालुक्यांसाठी वयाचा दाखला दोन्हीकडे मान्य करण्याचे एक कलम घाला. शिवाय डिसेंबर २०२२ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तणावामुळे आंतरराज्य गाड्या बंद पडल्या, तशी वेळ पुन्हा येणार हे धरूनच चाला. अशा वेळी दोन्हीकडच्या गाड्या सीमेच्या अलीकडे-पलीकडे थांबतात आणि मधले अंतर पिशव्या घेऊन चालायचे असते. तेवढ्या टप्प्यावर दवाखान्याचे कागद दाखवणाऱ्यांसाठी एक लहान गाडी पोलीस बंदोबस्तात सुरू ठेवणे दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांना अशक्य नाही.

कायद्याचे थोडक्यात. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ चे कलम ४१ वाहतूक सुगम करण्याची जबाबदारी सरकारवर टाकते. राखीव आसने, त्यांच्याजवळ धरायला दांड्या, काठी-कुबड्या अडकवण्याची सोय याबद्दल केंद्राची अधिसूचना मार्च २०२० पासून लागू आहे. ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे नियम ऐच्छिक न ठेवता बंधनकारक करायला सांगितले.

सगळ्यांत निकडीचे आता. चाकाच्या खुर्चीसाठी एक मीटर उंचीच्या गाडीला रॅम्प लावायचा तर १:१२ च्या उताराने तो बारा मीटर लांब होईल. म्हणजे जुन्या गाड्यांत हे जमणारच नाही, जमिनीची उंची नव्या खरेदीतच कमी करावी लागेल. केंद्राच्या शहरी बसच्या निकषांत ४००, ६५० आणि ९०० मिलिमीटर अशा तीन उंची दिलेल्या आहेत. बेळगाव शहरात, म्हणजे मध्यवर्ती स्थानक, सिव्हिल, नेहरूनगर, वडगाव या फेऱ्यांना ४०० च्या गाड्या चालतील. हिंडलगा, कंग्राळी, येळ्ळूरसाठी ६५० च्या घ्या, कारण गतिरोधकांवर ४०० ची गाडी खाली घासेल. खानापूरच्या डोंगराळ भागासाठी ९०० च्या घेतल्या तरी चालेल, पण रुंद पायऱ्या आणि खाली आलेल्या दांड्या निविदेतच लिहा. सरकारी गाडी पंधरा वर्षांपर्यंत चालते. येत्या खरेदीत उंच पायरीची गाडी आली, तर आज साठीत असलेला माणूस पंचाहत्तरीतही तिलाच लोंबकळणार. म्हणून निविदेचा मसुदा निघण्याआधी तो बेळगाव आणि चिकोडी विभागांच्या वर्कशॉपला दाखवा, आणि तयार झालेली पहिली गाडी ताब्यात घेण्यापूर्वी खानापूरच्या स्थानकात उभी करून सत्तरीतल्या चार माणसांना चढून-उतरून पाहू द्या. त्यांनी पास केली तरच बाकीच्या गाड्यांची ऑर्डर द्यावी.

आपले,
बेळगाव, खानापूर व निपाणी भागातील ज्येष्ठांच्या प्रवासाचे काम पाहणारे नागरिक