रक्तात काय असतं

ती. बाबा आणि ती. आई,
शि. सा. न.

रक्तपेढीत रात्रपाळीला बसलेय. अडीच वाजलेत. हिंदमातेला पाणी भरलंय, त्यामुळे रक्ताची मागणी घेऊन येणारे नातेवाईकही आज कमीच. फ्रिजचा घरघराट आणि मी. फोनवर बोलायला गेलं की बाबांचा आवाज चढतो, मग माझा चढतो, मग आई "अगं, त्यांचं बीपी" म्हणत फोन काढून घेते. म्हणून लिहितेय. आई, तू वाचून दाखव. तुझं वाचन शाळेतल्यासारखं संथ असतं, बाबा मध्ये बोलू शकत नाहीत.

मागच्या रविवारी तुमच्याकडून निघताना गेटवर सायकलीवरून गलका चालला होता. सी विंगमधली गिअरची सायकल गेली आणि सकाळी सिग्नलवर गजरे विकणारी पारध्यांची पोरं नळावर पाणी प्यायला आत आली होती. बाबा, तुम्ही वॉचमनला म्हणालात, "त्यांना आत घेऊच नकोस, त्यांच्या रक्तातच असतं ते." चिऊ माझा हात धरून उभी होती. घाटकोपर गेल्यावर भर लोकलमध्ये तिने विचारलं, "आई, तू रक्त तपासतेस ना? मग चोरीचं कुठल्या टेस्टमध्ये कळतं?" समोरची बाई हसली. मला हसू आलं नाही. घरी गेल्यावर सांगते म्हटलं आणि आज चार दिवस झाले, सांगितलेलं नाही.

सायकल कोणी नेली मला माहीत नाही. त्या पोरांनी नेलीही असेल. तरी चिऊच्या प्रश्नाचं उत्तर बदलत नाही.

तेवीस वर्षं मी रक्त हाताळतेय. ए गट आणि बी गट यांत फरक किती, तर लाल पेशीवर साखरेच्या कणांची साखळी असते, तिच्या टोकाला कोणती साखर बसलीय एवढाच. पण या एवढ्याशा साखरेवरून माणसांनी काय काय उभं केलं, ते सांगते.

पहिल्या महायुद्धात ग्रीसमधल्या सालोनिकाला दोस्तांच्या फौजा तळ देऊन होत्या. तिथे लुडविक आणि हांका हिर्शफेल्ड हे पोलिश डॉक्टर जोडपं होतं. इतक्या देशांचे शिपाई एका जागी परत कधी सापडणार, म्हणून त्यांनी ८,००० च्या आसपास लोकांचे रक्तगट तपासले. त्यात आपले हिंदी शिपाईही होते. १९१९ साली निष्कर्ष छापून आले. युरोपकडे ए जास्त, पूर्वेकडे बी जास्त, आणि बी सगळ्यात जास्त हिंदुस्थानी शिपायांत. दोघांनी त्यावरून एक निर्देशांक काढला आणि त्याला वंशाचं नाव दिलं. बी गट मुळात हिंदुस्थानातला असावा असा तर्कही केला. इथवर ठीक म्हणूया, मोजणी खरी होती.

पुढे जर्मनीत काही मंडळींनी हेच आकडे उचलले. १९२६ मध्ये रक्तगट संशोधनासाठी संस्थाच काढली. ए म्हणजे उत्तरेचं शुद्ध रक्त, बी म्हणजे पूर्वेची भेसळ. बी गटाचा गुन्हेगारीशी, रोगटपणाशी संबंध जोडणारे लेख निघाले. साखरेचा एक कण आणि त्यावरून चारित्र्य! हिर्शफेल्डने स्वतः याला विरोध केला, पण त्याचं कोण ऐकतो. तो जन्माने ज्यू. दुसऱ्या महायुद्धात त्याला वॉर्साच्या घेटोत, ज्यूंच्या बंदिस्त वस्तीत, कोंडलं. कसाबसा वाचला.

बाबा, तुमचा गट बी पॉझिटिव्ह आहे. तुमच्या पाकिटातलं कार्ड मीच लॅमिनेट करून दिलंय.

अमेरिकेतही तेच. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या रेड क्रॉसने काळ्या लोकांचं रक्त आधी घेतलंच नाही, मग १९४२ पासून घेतलं पण वेगळं ठेवलं. गोऱ्या सैनिकाला काळ्याचं जाऊ नये म्हणून बाटल्यांवर खूण. याला शास्त्रात काडीचा आधार नव्हता आणि हे तिथल्या डॉक्टरांना ठाऊक होतं. १९५० ला ती खूण काढली. (तुमच्या बायपासच्या वेळी बाटल्या कोणाकोणाच्या होत्या, हा दाखला मी देणार नाही. सिनेमावाल्यांनी तो वापरून वापरून गुळगुळीत केलाय.)

आता आपल्या परळची गोष्ट, जी मला फार आवडते. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना इथे असे रुग्ण भेटले, ज्यांच्या रक्ताशी कुठलंच रक्त जुळेना. तपासलं तर ओ वाटे, पण ओ गटाचं रक्तही चालेना. ए आणि बी ज्या पायावर उभे राहतात तो एच नावाचा पायाच त्या पेशींवर नव्हता. 'लॅन्सेट'मध्ये तो शोधनिबंध आला आणि जगभर या गटाचं नाव पडलं 'बॉम्बे'. गंमत म्हणजे भेंड्यांबरोबरच्या लेखकांत लंडनचे एक रक्ततज्ज्ञ होते, त्यांचं आडनावच रेस. रॉबर्ट रेस. इंग्रजीत वंशाला जो शब्द तोच. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलांना मी हे सांगते तेव्हा निदान एकजण तरी जागा होतो.

भारतात साधारण १०,००० माणसांत एक असा निघतो. असा पेशंट आला की आम्ही रात्री-अपरात्री फोन फिरवतो, दाते शोधतो. हा गट आई आणि बाप दोघांकडून तो गुण आला तरच होतो. जवळच्या नात्यांत लग्नं झाली की शक्यता वाढते. त्याचा मोठेपणाशी संबंध नाही, कमीपणाशीही नाही.

आणि त्याच १९५२ साली, ३१ ऑगस्टला, गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला. बाबा, तुम्ही गेटवर जे बोललात ते इंग्रजांनी १८७१ मध्ये कायद्यात लिहून ठेवलं होतं. सुतार पिढ्यान्‌पिढ्या सुतारकी करतो तसे काही लोक पिढ्यान्‌पिढ्या चोऱ्या करतात, म्हणून जमातच्या जमात जन्मतः गुन्हेगार. आधी उत्तरेत, मग आपल्या मुंबई इलाख्यातही. रोज हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापूरला तर तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट होती, तिथे पोरं जन्मली आणि तिथेच मोठी झाली. जंगलात शिकार करून जगणाऱ्याचं जंगल काढून घ्यायचं, फिरायची बंदी करायची, कोणी काम द्यायचं नाही, आणि भुकेने हात मारला की म्हणायचं, बघा, रक्तात आहे. कायदा गेला. वाक्य तेवढं मुलुंडच्या गेटवर राहिलं.

मला ठाऊक आहे तुम्ही काय म्हणाल. "मग तुम्ही दवाखान्यात जात कशाला विचारता?" विचारतो, खरं आहे. गरोदर बाई सिंधी किंवा लोहाणा असेल तर थॅलेसेमियाची, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी आवर्जून करायला सांगतो. नंदुरबार, गडचिरोलीकडचा पेशंट असेल तर सिकलसेल (लाल पेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आजार) डोक्यात येतो. माणसामाणसांत फरक नाहीतच असं मी कधी म्हटलं नाही, फरक शोधण्याचाच मला पगार मिळतो. पण सिकलसेलचं बघा. अमेरिकेत कितीतरी वर्षं तो 'काळ्यांचा आजार' समजला गेला. मग तो ग्रीसमध्ये सापडला, आपल्या आदिवासी भागात सापडला. जिथे मलेरिया दाट, तिथे त्या गुणाची एकच प्रत अंगात असली तर मलेरियापासून थोडा बचाव होतो, म्हणून तो टिकला. डासांचा नकाशा होता तो, कातडीच्या रंगाचा नव्हे. एखाद्या समाजात एखादा आजार जास्त का, तर रोटीबेटी आतल्या आत. एका जनुकाविषयी अंदाज बांधायला जात विचारणं वेगळं आणि माणसाची लायकी काढायला विचारणं वेगळं. पहिल्यासाठी निदान पुढे तपासणी तरी होते.

आता दादाने न्यू जर्सीहून पाठवलेल्या त्या थुंकीच्या डबीबद्दल, म्हणजे पूर्वज सांगणाऱ्या डीएनए चाचणीबद्दल. बाबा, तुम्ही रिपोर्टचे रंगीत प्रिंट काढून फायलीत लावलेत, हे मला गोड वाटलं. बँकेतल्या सवयी. पण जेवताना काकांसमोर "आपल्यात स्टेपचा (मध्य आशियाकडच्या गवताळ प्रदेशातल्या लोकांचा) अंश इतका, म्हणजे आपण मूळचेच पुढारलेले" असं जे चाललं होतं, ते मात्र रिपोर्टात कुठेच लिहिलेलं नाही. मी दोनदा वाचला. कंपनी तुमचा डीएनए आपल्याजवळच्या नमुन्यांशी ताडून टक्के काढते. नमुने बदलले की टक्के बदलतात. पुढच्या वर्षी ईमेल येईल की तुमचे पूर्वज सुधारून दिले आहेत.

हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हार्वर्डबरोबर हेच काम नीट केलंय. २०१३ च्या त्यांच्या निबंधात आहे की साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी या देशात सरमिसळ जोरात चालली होती. भिल्लांसारख्या दूर राहिलेल्या समाजातही ती दिसते. जातीबाहेर लग्न न करणं मागाहून घट्ट झालं. म्हणजे तुमच्या फायलीतले ते दोन-चार रंग गेटवरच्या पोराच्या रिपोर्टातही निघतील, प्रमाण इकडचं तिकडे. आणि १९७२ मध्ये रिचर्ड लेवॉन्टिन या अमेरिकी जनुकशास्त्रज्ञाने हिशेब मांडला होता की माणसांतल्या जनुकीय फरकापैकी ८५ टक्क्यांच्या आसपास फरक एकाच समाजातल्या माणसामाणसांत असतो. गोरे, काळे, पिवळे अशा वंशांमधला फरक त्यातला अगदी थोडा, ६ टक्क्यांच्या घरात. काका आणि तुम्ही सख्खे भाऊ, एक जण रिपोर्ट फ्रेम करायला निघाला आणि दुसरा शांतपणे वरणभात कालवत होता. तो फरक कुठल्या स्टेपवरून आला?

आई, आता तुझ्याकडे वळते. तू मनातल्या मनात "चांगलं सुनावतेय बाबांना" म्हणत असशील.

तुझ्या लाडक्या इरावतीबाई कर्वे. तू वर्गात त्यांचे उतारे वाचायचीस तेव्हा मुली रडायच्या. पण त्या बर्लिनला काय करायला गेल्या होत्या, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. मुंबईत समाजशास्त्रज्ञ घुर्यांकडे शिकून त्या १९२८ च्या सुमाराला जर्मनीत गेल्या, ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली. हाच फिशर पुढे नाझींच्या वंशशास्त्राचा मोठा आधार झाला. इरावतीबाईंना विषय मिळाला कवट्यांचा: डावी बाजू आणि उजवी बाजू यांतली असमानता. युरोपीय कवटी या बाबतीत वेगळी निघेल अशी गुरूची अटकळ. विशीतल्या या मुलीने कवट्या मोजल्या आणि लिहिलं की वंशागणिक तसा फरक दिसत नाही. परक्या देशात, ज्याच्या सहीवर पदवी अडकलीय त्याच्यासमोर. पुढे महाराष्ट्रातही त्या माणसं मोजतच राहिल्या, आणि ते मला थोडं खटकतं. पण बर्लिनमध्ये आकडा जो आला तो त्यांनी लिहिला.

नाकाचंही तसंच. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिझली. नाकाची रुंदी भागिले उंची, गुणिले शंभर. जितकं नाक बारीक तितकी जात वरची, असा त्यांचा सिद्धांत. आपल्याकडच्या मराठी ब्राह्मण आणि कुणबी मंडळींना त्यांनी मिळून 'सिथो-द्राविड', म्हणजे शक आणि द्राविड यांची सरमिसळ, ठरवून टाकलं. मग बाबासाहेबांनी १९४८ च्या पुस्तकात नाकांची हीच मापं समोर ठेवली आणि म्हटलं, याच शास्त्रावर विश्वास ठेवायचा तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. त्यांच्याच फुटपट्टीने मोजून दिलं.

आणि आपल्या घरात अजून 'नाकीडोळी नीटस' चालतं. दादाच्या बाळाला व्हिडिओवर पाहिल्याबरोबर तू म्हणालीस, "रंग आपल्याकडचा नाही आला." वहिनी स्क्रीनच्या कडेला होती, तिने ऐकलं. मी सातवीत असताना तू मला रोज डाळीचं पीठ आणि साय लावायचीस, मला वाटायचं लाड चाललेत. मग मावशीला तीन ठिकाणांहून नकार आला तेव्हा कळलं की तू घाबरली होतीस. तुझा राग येत नाही ग मला. कातडीचा रंग म्हणजे पूर्वजांना ऊन किती लागलं याची नोंद. उन्हाने शरीरातलं फोलेट नावाचं जीवनसत्त्व मोडतं म्हणून कडक उन्हात गडद कातडी टिकली, कमी उन्हात ड जीवनसत्त्व बनावं म्हणून फिकट. रंग फिकट करणारं एक मोठं जनुक २००५ मध्ये एका चिमुकल्या पट्टेरी माशावरून सापडलं. मत्स्यालयातला मासा! त्याच्यावरून बाळाचं स्थळ ठरवणार का आपण?

साडेतीन झाले. खाली कोणीतरी बेल वाजवतंय, बहुतेक प्रसूतीची केस.

एवढंच करा. रविवारी आम्ही येतोय. चिऊ प्रश्न विसरत नाही, तुमच्यावरच गेलीय त्या बाबतीत. (बघा, मीही बोलले.) मी तिला सांगणार आहे की याचं उत्तर आजोबा देतील. बाबा, तुम्ही तिला काय सांगाल ते मी पढवणार नाही. आणि गेटजवळचा तो नळ वॉचमनने कुलूप लावून बंद केलाय म्हणे, सोसायटीच्या ग्रुपवर पाहिलं. सेक्रेटरी तुमच्या शब्दाबाहेर नाही. तो उघडायला सांगा, ऑक्टोबर येतोय.

आई, गोळ्या संपत आल्या असतील, येताना आणते. भाजणीही आणते, तू करत बसू नकोस.

तुमची,
धाकटी