विजयदुर्ग ते मांडवा : तांडेलकाकांस आभारपत्र

पुणे

आदरणीय तांडेलकाका,

सविनय नमस्कार.

विजयदुर्गाजवळच्या वाघोटन खाडीत बांधून पूर्ण झालेली आमची नौका तांडेल, म्हणजे नौकाचालक, या नात्याने आपण घेतलेल्या देखरेखीखाली अलिबागजवळच्या मांडव्यास सुखरूप पोहोचली. निरोप घेताना आम्ही आपले आभार मानले खरे, परंतु जेट्टीवरच्या घाईगर्दीत ते दोन शब्दांतच उरकले. आपण आमच्यासाठी नेमके काय केलेत हे सविस्तर लिहून काढावे, आणि उद्या स्वतःची नौका बांधून घेण्याचे मनात असणाऱ्या माणसांनाही ते वाचता यावे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. आपले नाव कुठेही येऊ नये ही आपली इच्छा मी पाळली आहे. ठरलेला मोबदला आपण घेतलात हे उत्तम झाले. कसबी माणसाच्या कामाला दाम मिळालाच पाहिजे, अशा मताचा मी आहे. तरीही आपण दिलेल्या काही गोष्टी त्या व्यवहारात धरलेल्या नव्हत्या, आणि आभार त्यांचे आहेत.

आम्ही चौघेही पुण्याचे. धरणाच्या पाण्यावर शीड हाताळायला शिकलेलो, आणि त्यातले दोघे पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत यंत्रांशी आयुष्यभर झुंजलेलो. पुण्यातल्या शाळकरी मुलांना समुद्राची ओळख किनाऱ्यावरून नव्हे, तर प्रत्यक्ष पाण्यावर व्हावी, एवढ्याच इच्छेने ही 32 फुटी सागवानी नौका आम्ही बांधून घेतली. विजयदुर्ग ते मांडवा हे अंतर नकाशावर मोजायला सोपे आहे. दोन्ही ठिकाणांच्या अक्षांशांत सव्वादोन अंशांचा फरक, अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, त्यामुळे अंतर साधारण 135 सागरी मैल, म्हणजेच 250 किलोमीटर भरते. ताशी पाच सागरी मैलांनी एका दमात गेले तर एक दिवस, एक रात्र आणि वर तीन-चार तास. कोथरूडमध्ये टेबलाभोवती बसून केलेला आमचा हिशेब असा होता. आपण तो ऐकून घेतलात, चुकीचा म्हणाला नाहीत, आणि मग रत्नागिरी, जयगड, हर्णै आणि राजपुरी असे चार मुक्काम सुचवलेत. "नवी होडी कुठे गळते, कुठे तापते, कुठे सैल पडते हे चालवल्याशिवाय कळत नाही. दुपारपर्यंत चालवायची आणि दुपारनंतर उघडून बघायची," हे आपले शब्द माझ्या वहीत पहिल्या पानावर आहेत.

या मुक्कामांमागे वाऱ्याचे जे गणित होते ते हळूहळू आमच्या लक्षात आले. मार्गशीर्षात पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो. उत्तरेकडे जाणाऱ्या नौकेला तो उजव्या बाजूने मिळतो, शिडे भरतात, आणि किनारा आडोशाला असल्यामुळे पाणी जवळजवळ सपाट राहते. दुपार झाली की समुद्राकडचा खारा वारा वायव्येकडून सरळ नाळेवर, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकावर, येतो, आणि मग इंजिन लावूनही नौका आपटत राहते. पहाटे निघून दुपारी नांगर टाकायचा या शिस्तीमुळे आम्हांला अनुकूल वारा मिळाला आणि तपासणीसाठी अख्खी संध्याकाळही मिळाली. वर्षानुवर्षे या किनाऱ्याने चालणाऱ्या माणसाला हे नवीन नसेल, पण आम्हांला ते कोणत्याही पुस्तकात इतके नीट जुळवलेले सापडले नव्हते.

निघण्याच्या आदल्या सायंकाळी आपण नौकेच्या पोटात उतरून, साचलेल्या पाण्याच्या काठाशी खडूने रेघ मारलीत आणि शेजारी वेळ लिहिलीत. सागवानी फळ्या पाणी पिऊन फुगतात आणि सांधे आवळले जातात, त्यामुळे पहिल्या दिवसांत थोडे पाणी येणारच, असे आपण म्हणालात. पाणी आहे की नाही, हा प्रश्न नव्हता. रोज सकाळी ते रेघेच्या वर चढते आहे की खाली उतरते आहे, एवढेच आपल्याला पाहायचे होते. ते रोज खाली उतरत गेले. शाफ्टच्या, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दांड्याच्या, ग्लँडचेही तसेच; ग्लँड म्हणजे तो दांडा नौकेबाहेर पडतो तिथला पाणी अडवणारा सांधा. शाफ्ट फिरत असताना ग्लँडमधून पाण्याचे काही थेंब पडलेच पाहिजेत, कारण आतल्या पॅकिंगला वंगण त्या पाण्याचेच असते. घट्ट आवळून थेंब बंद केले तर पॅकिंग जळते आणि शाफ्टवर चरे पडतात. आपण दर तासाला खाली उतरून ग्लँडवर तळहात ठेवत होतात आणि दुसऱ्या दिवसापासून तो हात आमच्यातल्या सर्वांत धाकट्याला ठेवायला लावलात. कोमट असेल तर चालेल, हात ठेववेना तर इंजिन बंद. इतकी साधी कसोटी, आणि तिला कोणतेही उपकरण लागत नाही.

विजयदुर्गाच्या तटाखालून बाहेर पडताना मला 1756 च्या फेब्रुवारीची आठवण झाली होती. पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली आणि तुळाजी आंग्र्यांचे आरमार याच बंदरात जळाले. पुण्याहून गेलेल्या माणसाने त्या पाण्यावर कोकणातल्या तांडेलाच्या हाती आपली नौका सोपवावी, याचे मला त्या पहाटे फार वाटले; तेव्हा बोललो नव्हतो, म्हणून इथे लिहिले.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातला मुक्काम आपण सरावासाठी वापरलात. इंजिनाचा डिझेल फिल्टर काढायचा, नवा बसवायचा, मग नळीतली एअर काढून इंजिन पुन्हा चालू करायचे, आणि हे सगळे जेट्टीला बांधलेल्या नौकेत, आधी उजेडात आणि नंतर बॅटरीच्या प्रकाशात. फिल्टर जास्तीचे घ्या असा आपला आग्रह होता. दुसऱ्याच दिवशी गणपतीपुळ्यासमोर, मतलई पडलेला आणि खारा वारा अजून सुटलेला नाही अशा नेमक्या वेळी इंजिनाचे फेरे उतरू लागले. वारा नाही, इंजिन नाही, आणि लाटांची सावकाश ढकल किनाऱ्याकडे. आपण आधी इंजिनाकडे पाहिलेही नाहीत. दोरी सोडून खोली मोजलीत, दहा वाव (सुमारे अठरा मीटर) भरली, नांगर टाकलात, तो धरला याची खात्री केलीत, आणि मग आम्हां दोघांकडे वळून म्हणालात, "आता करा काल केलं तसं." फिल्टरमध्ये लाकडाचा भुसा आणि फायबरची धूळ ठासून भरली होती. नव्या टाकीत राहिलेला असा कचरा धक्क्यावर तळाशी बसून राहतो आणि लाटांत टाकी घुसळली गेली की वर येतो. यात कोणाच्या हातून काय राहून गेले याची चर्चा आपण होऊ दिली नाहीत. जयगडला पोहोचल्यावर टाकीचे झाकण उघडायचे, एवढेच ठरले.

जयगडविषयी मला सर्वांत जास्त लिहायचे आहे, कारण माझ्या दृष्टीने आपला खरा उपकार तिथला आहे. उत्तरेकडे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी हिवाळी वादळी हवा, सरकून गेला की आपल्या किनाऱ्यावर उत्तरेचा जोरदार वारा सुटतो, तसा तो सुटला होता. शास्त्री खाडीच्या आत पाणी शांत होते, ऊन लख्ख होते, आमच्यातल्या दोघांची रजा संपत आली होती, आणि अंदाजात लाटांची उंची फार नव्हती. आपण म्हणालात, "आज नको. उद्या सकाळी बघू." आग्रह वाढला तेव्हा आपण वाद न घालता आम्हांला जयगडाच्या तटावर घेऊन गेलात. खाली खाडीच्या तोंडाशी ओहोटीचे पाणी वेगाने बाहेर पडत होते आणि समोरून येणाऱ्या लाटा त्या प्रवाहावर आदळून उभ्या राहत होत्या. आत आरशासारखे पाणी आणि तोंडाशी पांढरा फेसाचा पट्टा. तीच लाट भरतीच्या वेळी निमूट आत येते आणि ओहोटीच्या वेळी फुटते, हे डोळ्यांनी पाहिल्यावर कोणाचा काही प्रश्न उरला नाही.

हवामानाच्या अंदाजाबद्दल आपली वृत्ती मला विशेष भावली. पुण्यात शिवाजीनगरच्या वेधशाळेला जुनी माणसे अजून शिमला ऑफिस म्हणतात, आणि तिथल्या अंदाजांवर शंका घेणे हा पुणेकरांचा जुना छंद आहे. आपण तसे कधी केले नाहीत. रोज संध्याकाळी इन्कॉइस या समुद्रविषयक सरकारी संस्थेचा सागरी अंदाज मोबाइलवरून मोठ्याने वाचायला लावत होतात आणि लाटेच्या उंचीनंतर लगेच विचारत होतात, "दोन लाटांमध्ये सेकंद किती?" एक मीटरची लाट बारा सेकंदांनी येत असेल तर नौका तिच्यावर चढते आणि उतरते, तीच पाच सेकंदांनी येऊ लागली तर नाळ वर यायच्या आत पुढची लाट अंगावर असते. त्या दिवशीचा आकडा पाचाच्या जवळ होता. म्हणजे अंदाजात सगळे दिलेले होते, तो कसा वाचायचा हे आपण शिकवलेत.

त्या थांबण्याचा आपण पुरेपूर उपयोग करून घेतलात. टाकी उघडून पुसली गेली. डोलकाठीच्या नव्या तारा ताणल्या जाऊन सैल पडल्या होत्या, त्या टर्नबकल फिरवून सारख्या केल्या. आणि मग आपण ज्या गोष्टीकडे बोट दाखवलेत, तिने आम्हां यंत्रवाल्यांना खरोखर चकित केले. नौका जमिनीवर असताना जुळवलेले इंजिन आणि शाफ्ट पाण्यात उतरल्यावर तसेच जुळलेले राहत नाहीत, कारण लाकडी सांगाडा पाण्यावर तरंगताना किंचित आकार बदलतो. आपण हे आवाजावरून ओळखले होतेत. आमच्याकडे बारीक फटी मोजण्याचा फीलर गेज होता. इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगचे बोल्ट सैल करून वरची आणि खालची फट मोजली, फरक हवा त्याहून बराच जास्त निघाला, आणि इंजिनाचे पाय हलवून तो 0.1 मिलिमीटरच्या आत आणेपर्यंत दुपार गेली. ते न करता पुढे गेलो असतो तर ग्लँड आणि बेअरिंग दोन्ही खराब झाली असती. आपला कान आणि आमचा गेज एकाच कामाला लागले, ती दुपार मला या सगळ्या सफरीतली सर्वांत आनंदाची वाटते.

दुसऱ्या दिवशी निघायची वेळ ठरवताना आपण तिथी विचारलीत. दशमी. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या पूर्ण भरतीची वेळ मिळते, म्हणजे साडेसात; जयगड दक्षिणेला, म्हणून तिथे त्याआधी. भारतीय सर्वेक्षण विभागाचे भरती-ओहोटीचे तक्ते आमच्याजवळ होते, त्यांच्याशी ताडून पाहिले तर आपला तोंडी हिशेब पाव तासाच्या आत बसला. भरती पूर्ण होऊन पाणी थबकलेले असताना आपण आम्हांला खाडीबाहेर काढलेत. आदल्या दिवशी जिथे फेस दिसला होता, तिथून नौका सहज गेली.

हर्णैला आमची तरुण मंडळी सुवर्णदुर्गाच्या अगदी जवळून जाण्याचा हट्ट धरून बसली होती. 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे तीन आमच्या वाटेवर होते, तेव्हा त्यांचा उत्साह समजण्यासारखा होता. आपण नाही म्हणाला नाहीत. पाण्याखालचे खडक कुठवर पसरले आहेत ते नकाशावर दाखवून, कुठल्या अंतरावरून जायचे ते त्यांनाच ठरवू दिलेत. राजपुरीच्या पुढे आपण सुकाणू पूर्णपणे त्यांच्या हाती दिलेत. रायगडच्या पाण्यात डोल जाळ्यांची, म्हणजे प्रवाहात रोवून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यांची, दाटी, पौर्णिमा तोंडावर आल्यामुळे प्रवाहाला जोर, आणि गोव्याकडे जी भरती-ओहोटी दोन मीटरच्या आसपास असते ती मुंबईजवळ उधाणाला चार मीटरच्याही वर जाते, हे सगळे ध्यानात ठेवून जाळ्यांच्या कोणत्या अंगाने जायचे हे आपण फक्त विचारत राहिलात. बोय, म्हणजे जाळ्याची तरंगती खूण, प्रवाहात कोणत्या बाजूला कलला आहे ते पाहा, जाळे तिकडेच पसरलेले असते, हे त्यांनी दोन-तीनदा पाहून स्वतःच सांगितले. दुसऱ्याच्या जाळ्याला धक्का लागता कामा नये याविषयी आपण जितके कडक होतात तितके स्वतःच्या नौकेविषयीही नव्हतात. खांदेरीचे दीपगृह मागे टाकून मांडव्याला लागलो तेव्हा दुपार होती आणि आपण लगेच पुन्हा खडूच्या रेघेकडे गेलात.

जाताना आपण सांगितलेली कामे मी लिहून घेतली होती. त्यांतली बहुतेक झाली आहेत. इंजिनाचे 50 तास भरताच तेल आणि फिल्टर बदलले, तारा पुन्हा एकदा ताणून घेतल्या, होकायंत्राचा फरक किनाऱ्यावरच्या खुणांशी ताडून तक्ता तयार केला आणि तो सुकाणूशेजारी लावला. खडूच्या रेघेची पद्धत आम्ही चालू ठेवली आहे. पाणी आता इतके कमी येते की आठवड्यातून एकदा पाहिले तरी पुरते. ग्लँडवर हात ठेवण्याचे काम मुलांच्या पाळीत लिहिलेले आहे आणि त्यावरून त्यांच्यात भांडणे होतात.

एक काम मात्र आपल्याशिवाय करण्याची आमची इच्छा नाही. पावसाळ्यापूर्वी, मे महिन्याच्या उत्तरार्धात, नौका वर ओढून शाकारायची, म्हणजे पावसासाठी झाकून ठेवायची, आहे. टेकू कुठे द्यायचे आणि फळ्या उन्हाने फाकू नयेत म्हणून काय करायचे, हे मुलांनी आपल्याकडून समजून घ्यावे असे वाटते. त्या आठवड्यात आपल्याला सवड असेल तर कळवावे. रत्नागिरीहून आपल्याला आणायला आमच्यापैकी एकजण गाडी घेऊन येईल, आणि परतताना काकूंनाही घेऊन दोन दिवस पुण्यास आमच्याकडे राहावे, ही विनंती. मोबदला नेहमीप्रमाणे आधी ठरवून घेऊ.

आपला कृतज्ञ,
चौघांच्या वतीने