कॅनबेराच्या आराखड्यामागील दुसरे नाव

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील कॅनबेरावरच्या लेखात अमेरिकी वास्तुविशारद वॉल्टर बर्ली ग्रिफिन यांचा गौरव झाला, तो उचितच आहे. परंतु त्यांच्या पत्नी मॅरियन महोनी ग्रिफिन यांचा साधा उल्लेखही त्यात नसावा, याचे फार वाईट वाटले.

मॅरियन यांनी १८९४ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून वास्तुशास्त्राची पदवी घेतली आणि नंतर नामवंत अमेरिकी वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांच्याकडे अनेक वर्षे काम केले. राइट यांची कीर्ती युरोपात पोहोचवणारा चित्रसंच १९१० च्या सुमारास बर्लिनमध्ये निघाला, त्यातील कितीतरी रेखाटने मॅरियन यांच्या हातची होती. १९११ मध्ये त्यांचा वॉल्टर यांच्याशी विवाह झाला.

ऑस्ट्रेलियाच्या नियोजित राजधानीसाठी जागतिक स्पर्धा जाहीर झाली, तेव्हा दोघांपैकी कोणीही ती जागा पाहिली नव्हती. शिकागोत बसून, केवळ नकाशे आणि उंचसखलपणाच्या नोंदी यांच्या आधारे वॉल्टर यांनी टेकड्यांच्या रेषेत मुख्य अक्ष आखला, त्याला काटकोनात पाण्याचा अक्ष योजला आणि निसर्गालाच शहराचा सांगाडा मानले. ही कल्पना मोठी होती, पण परीक्षकांच्या हाती पडतात ती चित्रे. आणि एन्सली टेकडीवरून दिसणारे ते न बांधलेले शहर मॅरियन यांनी कापडावर इतक्या नजाकतीने रंगवले होते की, १९१२ मध्ये मिळालेल्या पहिल्या पारितोषिकातून त्यांचा वाटा वेगळा काढणे मला तरी अशक्य वाटते.

पुढे सरकारी अधिकाऱ्यांशी खटके उडून वॉल्टर यांना १९२० च्या अखेरीस कॅनबेराचे काम सोडावे लागले. १९३५ मध्ये ते लखनौ विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या कामासाठी भारतात आले आणि मॅरियनही मागोमाग आल्या. तेथे कामांचा ओघ सुरू झाला होता, पण फेब्रुवारी १९३७ मध्ये वॉल्टर यांचे लखनौतच निधन झाले. त्यांची कबरही तेथेच आहे. हाती घेतलेली कामे मार्गी लावून मॅरियन परतल्या. त्यांनी लिहिलेल्या हजाराहून अधिक पानांच्या आठवणी त्यांच्या हयातीत छापल्या गेल्या नाहीत. १९६१ मध्ये त्या निवर्तल्या.

कॅनबेराच्या तलावाला वॉल्टर यांचे नाव १९६४ मध्येच मिळाले. एन्सली टेकडीवरील दर्शनस्थळाला मॅरियन यांचे नाव लाभायला २०१३ साल उजाडावे लागले. आपल्या संकेतस्थळावरील लेखात तरी त्यांचे नाव समाविष्ट करावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त वास्तुविशारद, पुणे